तांबड्याआडचं पांढरं

माझं माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. मध्ये शापोरा नदी. दोन्हीकडची माती तांबडीच, पण तांबड्यातांबड्यात किती फरक असतो ते मला लग्नानंतर कळलं. माहेरची माती जांभ्याची. पावसात पायांना चिकटते आणि उंबऱ्याशी तांब्याभर पाणी ओतलं की निघून जाते. डिचोलीची धूळ तशी जात नाही. मी नवी नवरी होते तेव्हा खाणी जोरात होत्या. दिवसभर ट्रक चालायचे. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी काढायला जावं तर तिच्यावर दोरीच्या रेघेने तांबूस पट्टा उमटलेला असायचा. सासूबाई म्हणायच्या, पांढरं वाळत घालायचंच कशाला? त्यांचं बरोबर होतं. मी मात्र हट्टाने पांढरंच घालत राहिले.

त्या धुळीचं आणि माझ्या माहेरच्या भिंतीचं नातं आहे हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. दोन्हींना रंग देणारी वस्तू एकच, लोखंडाचा गंज म्हणावा अशी. खाणवाले तिला हेमॅटाइट म्हणतात. आमच्याकडे काव.

माहेरच्या घरात मधोमध राजांगण आणि त्याच्या चारही बाजूंनी पडवी. पडवीच्या भिंतीवर, माझ्या तेव्हाच्या डोक्याच्या थोडा वर, हातभर रुंदीचा एक पट्टा होता. पांढऱ्यावर तांबडा म्हणावा की तांबड्यावर पांढरा, ते ठरवता येऊ नये असा. वेल होती, कमळं होती, पाठमोरे दोन मोर होते, आणि गणपतीच्या खोलीच्या दाराजवळ एक घोडेस्वार होता. त्याच्या घोड्याला पाय तीन. आम्ही भावंडांनी ते कितीदा मोजले असतील! एकाचं म्हणणं, चौथा पाय लढाईत तुटला. दुसऱ्याचं, काढणारा विसरला. आजीला विचारलं, हे काढलं कोणी? ती म्हणाली, “आयिल्ले कोण तरी. जेवले, काम केलें, गेले.”

एवढीच त्या चित्रकाराची चरित्रगाथा. जेवले, काम केलं, गेले.

कावी चित्रं म्हणतात त्यांना. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहेत, डिचोलीत अडवलपालच्या शर्वाणीच्या देवळात आहेत, आणि जुन्या घरांतून अशीच कुठे कुठे लपून आहेत. गोव्यात ती मुख्यतः याच भागात का उरली याला कारण इतिहासाचं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस, साष्टी घेतली तेव्हा तिथली देवळं राहिली नाहीत. डिचोली त्यांच्याकडे आली 1781मध्ये, पेडणे 1788मध्ये. तोवर देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता. या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. उशिरा जिंकले गेलो, म्हणून आमच्या भिंती वाचल्या. हरण्यातही मुहूर्त पाहावा लागतो तो असा.

काही वर्षांपूर्वी मी कावी शिकवणाऱ्या एका कार्यशाळेला गेले. सागर नाईक मुळे यांच्यासारखे चित्रकार जुन्या भिंती शोधत, दुरुस्त करत हिंडू लागल्यापासून या कलेकडे लोकांचं लक्ष पुन्हा वळलं आहे. मला कलेपेक्षा त्या तीन पायांच्या घोड्याची चौकशी जास्त होती. तोवर माझी कल्पना अशी की पांढऱ्या भिंतीवर तांबड्या रंगाने कुंचल्याने काढलेली ही चित्रं. तसं नाहीच ते. तिथे कुंचला नावालाही नव्हता.

आधी चुना. तोही दुकानातला नव्हे, शिंपल्या भाजून केलेला. तो विरवायचा, धुतलेली वाळू आणि गूळ घालून दिवसच्या दिवस मुरवायचा, कुटायचा. त्याला एक आंबूस-गोडसर वास येतो, काकवीच्या रिकाम्या भांड्यासारखा. त्याचा पांढरा थर भिंतीवर द्यायचा. त्या थरावर काव कालवलेला दुसरा, पातळ थर. सगळी भिंत आता तांबडी. नदीतल्या गोट्याने ती घोटून घोटून गुळगुळीत करायची. आणि ती ओलसर आहे तोवर टोकदार सळईने रेघा ओढायच्या, कंपासने वर्तुळं मारायची आणि चपट्या पात्याने नको तेवढी काव खरवडून काढायची. खालचं पांढरं वर येतं. काव उरते ती फुलाची, मोराची, घोड्याची. आणि त्या उरलेल्या तांबड्याच्या आतही डोळा, पिसं, आयाळ या रेघा पुन्हा खरवडूनच. म्हणजे चित्रातला एकही पांढरा ठिपका कोणी ‘दिलेला’ नसतो. तो आधीपासून तिथे असतो, फक्त झाकलेला.

नंतर भिंत काही दिवस भिजती ठेवायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पीत जातो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. शिंपलीतून आलेला दगड परत दगडच. मग दोन-दोनशे पावसाळे गेले तरी रेघ हलत नाही. चूक झाली असेल तर तीही.

मला एका चौकोनी तुकड्यावर कमळ काढायला दिलं. चार पाकळ्या बऱ्या झाल्या. पाचवीला हात जड पडला आणि मी तांबडं ओलांडून, पांढरंही ओलांडून खाली गेले. मागचा मातीचा गिलावा दिसू लागला, तपकिरी, भुसभुशीत. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने वाकून पाहिलं आणि हलकेच म्हणाला, “ताई, इतलें खोल वचूं नाका. धवें हांगाच आसा.”

इतक्या खोल जाऊ नका, पांढरं इथेच आहे. तो बोलला चुन्याबद्दल. मला मात्र परतीच्या बसमध्ये सारखे सोहिरोबा आठवत राहिले.

पेडण्यात वाढलेल्या माणसाला संतकवी सोहिरोबानाथ आंबिये शोधावे लागत नाहीत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे पोरं त्यांचं नाव प्रवेश अर्जावर लिहितात आणि विसरतात. आमच्या घरी ते बाबांच्या भजनात होते. सोमवारी संध्याकाळी देवळात मंडळी जमायची, पेटीचा भाता एका बाजूने फाटलेला, आणि बाबा डोळे मिटून सोहिरोबांचं दिव्याचं पद घ्यायचे. अभिषेकीबुवांच्या आवाजात ते महाराष्ट्रभर पोचलं आहे, पण माझ्या कानात फाटक्या भात्याचाच सूर आहे. त्या पदातली एक गोष्ट मला लहानपणी चमत्कारिक वाटायची. संत लोक दिवा लावायला सांगतात. हे सांगतात, आहे तो विझवू नकोस. म्हणजे लावायचं काम झालेलंच आहे. कोणी लावला, कधी लावला, याची वाच्यता नाही. आयिल्ले कोण तरी!

सोहिरोबांचा जन्म 1714चा, पालये गावातला. आज पालये म्हटलं की लोकांना हरमलच्या किनाऱ्याजवळचं गोड्या पाण्याचं तळं आठवतं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळ्याचं पाणी गोडं. परदेशी पाहुणे तिथली पिवळट माती अंगाला फासून उन्हात सुकत बसतात. मी एकदा तिथे एक माणूस पाहिला, डोक्यापासून पायापर्यंत मातीने लिंपलेला, डोळे मिटून बसलेला, मातीला तडे जाऊ लागलेले. नाथपंथी गोसावीच वाटावा. मग त्याचा फोन वाजला.

सोहिरोबांच्या घरी बांद्याचं कुळकर्ण होतं. तेव्हा पालये आणि बांदा एकाच, सावंतवाडीकरांच्या राज्यात. आता पालये गोव्यात आणि बांदा महाराष्ट्रात, मध्ये पत्रादेवीचा नाका. हिशेबाची चोपडी, वहिवाट, सारा, थकबाकी यांत पस्तिशीपर्यंतचं आयुष्य गेलं. मग ती फणसाची गोष्ट. सावंतवाडीहून तातडीचं बोलावणं आलं. घरात फणस पिकलेला होता, तो त्यांनी वाटेत खायला बरोबर घेतला. इन्सुलीच्या रानात भूक लागली तेव्हा झाडाखाली बसून फणस फोडला, आणि कोणीतरी काही मागितल्याचा आवाज आला. समोर एक योगी. सोहिरोबांनी गरे पुढे केले. त्या योग्याने खाल्ले आणि डोक्यावर हात ठेवला. तो गहिनीनाथ होता असं सांगतात. गहिनीनाथ म्हणजे निवृत्तिनाथांचे गुरू, ज्ञानेश्वरांचे आजेगुरू. मध्ये साडेचारशे वर्षं गेलेली. भाविकाला त्याचं काही वाटत नाही आणि मलाही आता वाटेनासं झालं आहे. फणस मात्र मला फार पटतो. साक्षात्काराच्या गोष्टींत कमळं असतात, शुभ्र हंस असतात. इथे बोटांना लागलेला चीक आहे. फणस फोडायचा म्हणजे हाताला तेल हवं, विळी हवी, आणि तरी चीक लागतोच. काट्यांची साल काढा, मग पाती बाजूला करा, तेव्हा कुठे गरा. काढत काढतच जायचं.

(आज त्या इन्सुलीत अबकारीचा नाका आहे. गोव्यातून स्वस्त दारू घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथे अडवून तपासतात. ‘काय आहे बरोबर?’ हा प्रश्न त्या जागेला नवा नाही.)

पुढे चाकरीवर पाणी सोडलं आणि पदं सुरू झाली. ती म्हणे झरझर येत, आणि लिहून घ्यायची त्यांची बहीण. ती बालविधवा होती असं सांगतात. चरित्रकार एका वाक्यात तिला आणतात आणि त्याच वाक्यात सोडून देतात. मी मात्र त्या वाक्यापाशी नेहमी थांबते. अठराव्या शतकातलं बांद्यातलं घर, केस काढलेली तरुण बाई, दौत, बोरू, आणि भाऊ काहीतरी बोलतो आहे जे पुन्हा तसंच बोलणार नाही. तिला लिहिता येत होतं, भरभर येत होतं, आणि कुठे ओळ तुटते ते तिला कानाने कळत होतं. पदाच्या शेवटी नाव येतं ते सोहिऱ्याचं. तिची खूण असलीच तर अक्षरांच्या वळणात.

‘अक्षयबोध’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘सिद्धान्तसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ असे मोठे ओवीबद्ध ग्रंथही त्यांच्या नावावर आहेत. महदनुभवेश्वरी मी दोनदा हातात घेतली आणि दोनदा अर्ध्यावर ठेवली. तत्त्वज्ञान आहे, अधिकार आहे, पण एखाद्या हुशार कुळकर्ण्याने ब्रह्माचा ताळेबंद मांडावा तसं मला ते वाटतं. पदांत तसं होत नाही. पदांत एक माणूस काहीतरी पाहतो आहे आणि पाहता पाहता त्याचं पाहणंच विरघळतं आहे. दिसणं संपून जाण्याची गोष्ट सांगणारं एक पद आहे त्यांचं. चित्रकाराने म्हणावं असं ते आहे. इतकं पाहिलं की आता दिसायचं थांबलं! मला वाटतं, सोहिरोबांनी भिंत पाहिली असणार. या मुलखात वाढलेल्या माणसाने देवळाच्या भिंतीवर कारागीर खरवडताना पाहिला नसेल, हे होणं कठीण. हा माझा अंदाज, त्याला माझ्या हट्टापलीकडे पुरावा नाही.

साठी आली तेव्हा ते उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांची गाठ पडली. तिथे महादजींचे सेनापती होते जिवबादादा बक्षी, मूळचे केरीचे, म्हणजे पालयेच्या शेजारगावचे. पेडण्याची दोन माणसं, एक फौजेचा धनी आणि एक कफनीवाला, चंबळेच्या मुलखात भेटतात आणि बहुधा आधी आपल्या बोलीत बोलतात. महादजी स्वतः कवनं करीत. ती सोहिरोबांना दाखवली, सोहिरोबांनी तोंडदेखली स्तुती केली नाही, महादजींना राग आला. तेव्हा सोहिरोबांनी हिंदीत पद रचून त्यांना त्यांची जागा दाखवली, की अवधूताचं राजावाचून काही अडत नाही. शेवटी शेजारगावच्याने मध्यस्थी केली असं सांगतात. हे मात्र अगदी पेडणेकरी आहे. तोंडावर बोलून मोकळं व्हायचं आणि निस्तरायला गाववाला शोधायचा.

1792च्या रामनवमीला उज्जैनच्या मठातून ते नाहीसे झाले. ते तिकडे असतानाच इकडे पालये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं होतं. गोसाव्याला त्याचं काय!

आता एक आडवळण घेते, कारण मी ते कार्यशाळेहून परतताना घेतलंच होतं. बी.ए.ला मला इंग्रजी होतं. त्यात विल्यम ब्लेक होता, दोन कवितांपुरता. वाघ आणि कोकरू, दहा गुणांचा प्रश्न. तो चित्रकारही होता हे आमच्या गाइडमध्ये एका ओळीत होतं. पुढे कधीतरी त्याच्या पानांची रंगीत छायाचित्रं पाहिली आणि कळलं की त्याने कविता लिहून मग तिला चित्र काढलं असं झालेलंच नाही. अक्षरांच्या टोकांतून वेली फुटल्या आहेत, ओळींच्या मधल्या जागेत माणसं उडत आहेत. कविता आणि चित्र एकाच पत्र्यावर, एकाच हाताने, एकाच वेळी.

पत्रा तांब्याचा. नेहमीचे कारागीर तांब्यावर मेणाचा थर देऊन रेघा कोरायचे आणि आम्ल त्या रेघा खायचं. ब्लेकने उलटं केलं. आम्लाला दाद न देणारं रोगण घेऊन त्याने त्या पत्र्यावर लिहिलं, तेही आरशातल्यासारखं उलट्या अक्षरांत, म्हणजे छापल्यावर सुलटं यावं. मग पत्रा आम्लात. लिहिलेलं, काढलेलं सोडून बाकी सगळं आम्लाने खाल्लं. उरलं ते उठून दिसलं. ही रीत आपल्याला आपल्या मेलेल्या धाकट्या भावाने दृष्टान्तात येऊन सांगितली असं तो म्हणायचा. भाऊ गेला 1787मध्ये, आणि ब्लेकचे या रीतीचे पहिले पत्रे साधारण 1788चे. पेडणे गेलं ते वर्ष. आणि तो लिहून गेला आहे की हे आम्ल औषधी आहे, ते वरवरचं खाऊन टाकतं आणि आत दडलेलं अनंत उघडं करतं. बसमध्ये मला हे आठवलं तेव्हा शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार.

लंडनमधला होजिअरीवाल्याचा मुलगा. आठ-दहा वर्षांचा असताना त्याने पेकहॅमच्या माळावर एका झाडाच्या फांद्याफांद्यांत देवदूत पाहिले आणि घरी येऊन सांगितलं. खोटं बोलतो म्हणून बाप मारायला उठला, आईने सोडवलं. मोठा झाला तरी पाहायचा थांबला नाही. 1809मध्ये त्याने दुसऱ्या भावाच्या दुकानात चित्रांचं प्रदर्शन लावलं. फारसं कोणी फिरकलं नाही, आणि ज्या एकाने त्यावर लिहिलं त्याने वेडा ठरवून टाकलं. इकडे फणसाच्या झाडाखाली योगी पाहिलेल्या माणसाला गावाने नाथ म्हटलं, तिकडे झाडावर देवदूत पाहिलेल्याला वेडा. मी उगाच आपलं कौतुक करत नाही. आपल्याकडेही सोहिरोबांनी कुळकर्णीपण सोडलं तेव्हा घरातल्यांनी काय म्हटलं असेल ते ऐकायला आता कोणी नाही.

ब्लेकची बायको कॅथरिन. 1782मध्ये लग्न झालं तेव्हा नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. त्याने तिला लिहा-वाचायला शिकवलं, मग छापायला, मग रंग भरायला. ब्लेकच्या त्या पानांमधले कितीतरी रंग तिच्या हातचे आहेत. इकडे बहीण लिहून घेते आहे, तिकडे बायको रंग भरते आहे. ज्यांना दिसतं त्यांच्या शेजारी, दिसलेलं जपणारी एक बाई बसलेली असते, हे मला फार उशिरा दिसलं. दिसलं तेव्हा जरा रागही आला.

राग येण्याचा हक्क मला किती, हा वेगळा प्रश्न. कारण माहेरची ती भिंत झाकली गेली तेव्हा डबा ढवळायला मी होते.

मी बारा वर्षांची. चवथीआधीचे दिवस. काका मुंबईहून आले होते आणि घर ‘जरा बरं दिसावं’ म्हणून त्यांनी ऑइलपेंटचे डबे आणले होते. आकाशी. त्या काळी पेडण्यात ज्याच्या घरी आकाशी ऑइलपेंट त्याचं बरं चाललं आहे असा अर्थ होई. आजी काही बोलली नाही, राजांगणात तुळशीपाशी पाठ करून बसली. मी काठीने रंग ढवळत होते, घट्ट साय फोडत होते, आणि खरं सांगायचं तर मला तो वास आवडत होता. काकांनी आधी मोर झाकले. मग वेल. घोड्याशी आले तेव्हा मी म्हटलं, याला तीनच पाय आहेत. काका हसले. म्हणाले, आता तेही नाहीत. आणि ब्रश फिरवला.

पुढे कळलं की चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल आत येते, उन्हाळ्यात बाहेर जाते. वर तेलाचा रंग बसला की ओल आत कोंडते आणि चुना आतून भुगा होऊ लागतो. कार्यशाळेतल्या त्या मुलाला मी विचारलं, वरचा रंग काढून खालचं परत मिळवता येईल का. तो म्हणाला, काढताना रंगाबरोबर काव निघून येईल, कावेबरोबर चुना. शंभरात दहा ठिकाणी जमेल, तेही नशीब असेल तर. माझ्या पाचव्या पाकळीकडे त्याने बघितलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

तोवर डिचोलीतही पुष्कळ काही घडून गेलं. 2012मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालू झाल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले तेव्हा पुन्हा बंद. ट्रक अंगणाअंगणातून गंजत उभे राहिले. ज्यांच्या घरात ट्रकचे हप्ते होते त्यांच्या रात्री कशा गेल्या ते मी शेजारात पाहिलं आहे, त्यामुळे खाण या विषयावर मी कविता करत नाही. शिरगावच्या आटलेल्या विहिरीही पाहिल्या आहेत. इतकंच की डोंगरच्या डोंगर बार्जांत भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे गेले, तिथून जपानला, चीनला. तेवढ्यातलीच ओंजळभर माती खलात वाटून कोणीतरी एके काळी मोराचं पीस काढलं होतं. बंदीच्या काळात माझ्या चादरी स्वच्छ वाळू लागल्या. सासूबाई तेव्हा अंथरुणाला होत्या. मी एकदा मुद्दाम त्यांना पांढरी चादर दाखवली. त्या म्हणाल्या, “धवी आसा, पूण घरांत पगार ना.” मी चादर घडी करून ठेवली.

गेल्या चवथीला माहेरी गेले होते. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. चुलतभाऊ पर्वरीला असतात, घर चवथीला आणि शिमग्याला उघडतं. औंदा पाऊस खूप झाला होता. गणपतीच्या खोलीत माटोळी बांधलेली, सुपारीचे घड, तोरिंगण, कवंडळं, आणि त्या सगळ्यांचा मिळून येणारा हिरवा, ओला वास. आरतीला पोरांनी घुमट घेतलं. घुमटावर जोराची थाप पडली की आमची भिंत थरथरते, लहानपणीही थरथरायची. समेळाची काठी चालू झाली. मी दाराशी उभी होते. पडवीच्या भिंतीवर ठिकठिकाणी आकाशी रंगाचे फोड आले होते, पुरी फुगावी तसे.

आरती संपली. प्रसादाची पंचखाद्याची वाटी हातात घेऊन माझी सात वर्षांची नात, म्हणजे चुलतभावाची नात, भिंतीशी गेली आणि एका फोडाखाली तिने नख घातलं. मी “थांब” म्हणेपर्यंत दोन तळहातांएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. तिच्या बोटांना तांबडं लागलं होतं. तिने ते चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

काकी मागून म्हणाली, “औंदा रंग मारूंक जाय आसलो.”

मी फोनचा टॉर्च लावला. काव बऱ्याच जागी निघून गेली होती, चुना पिठासारखा झाला होता. पण तिरप्या उजेडात सळईच्या रेघा दिसत होत्या. पोट दिसत होतं, त्याखाली खूर. दोन पुढे, एक मागे. आणि पोटाला लागून, गुडघ्यात दुमडून वर घेतलेला, स्वाराच्या पायताणाला चिकटलेला एक. लहानपणी आम्ही ते सगळं मिळून पायताणच समजत होतो.

“आजी, कित्याक हांसता?” नातीने विचारलं.

मी तिला कडेवर घेतलं, टॉर्च तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मोज बघू. तिने तांबडं लागलेलं बोट भिंतीला न लावता, हवेतच एकेका खुरावर ठेवत मोजलं. चार.